खरं सांगा, किती घेता?

दारूबद्दलचा कुठलाही आकडा पेपरात दिसला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो असा : हे यांना सांगितलं कोणी? "इतके टक्के पुरुष दारू पितात" हे वाक्य छापायला सोपं आहे. पण त्याच्या मागे कोणीतरी कुठल्यातरी दारात उभं राहून "तुम्ही दारू पिता का?" असं विचारलेलं असतं, आणि समोरच्याने काहीतरी उत्तर दिलेलं असतं. आमचा धंदा सॉफ्टवेअरचा. युजरने फॉर्ममध्ये भरलेलं जसंच्या तसं डेटाबेसात जाऊ द्यायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. मग दारूच्या संशोधनात या फॉर्मची तपासणी कोण करतं, कशी करतं आणि केव्हापासून करतं, हे शोधत बसलो. दोन-तीन वीकांत त्यातच गेले. ते आज लिहून काढतोय. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा. (चहाच!)

सुरुवात आमच्या भंडाऱ्यापासून करतो. भंडारा म्हणजे तळी, धान आणि मोह. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे झाडाखाली मोहफुलांचा सडा पडतो, बायापोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. ही फुलं वाळवून खातात, विकतात, आणि त्यांची दारूही गाळतात. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात भट्टीचे आणि दुकानाचे हक्क लिलावात दिले जायचे. सरकारला लिलावाची बोली पक्की माहीत, महसूल पैशापर्यंत माहीत. पण पिणारा किती पितो हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण सरकारचा हिशेब दारूचा होता, पिणाऱ्याचा नव्हता. विक्रीच्या आकड्यातून पिण्याचा अंदाज काढायचा ही पद्धत तेव्हापासूनची, आणि तिची अडचणही तेव्हापासूनचीच. घरामागे गाळलेली दारू कुठल्याच वहीत चढत नाही.

स्वातंत्र्यानंतर तर महाराष्ट्रात मामला आणखी गमतीदार झाला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा, आणि नाव जरा बदलून तो आजही लागू आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा, नाहीतर आजन्म. आपल्यापैकी किती जणांनी तो काढलाय, हा प्रश्न मी इथे विचारत नाही :) पण मुद्दा लक्षात घ्या. ज्या राज्यात बिनपरवाना पिणं हा गुन्हा आहे, तिथे वही-पेन घेऊन आलेला अनोळखी माणूस "दारू पिता का?" असं विचारतो, तेव्हा तो कायद्याच्या भाषेत कबुलीजबाबच मागत असतो. मग उत्तर काय येणार?

"तोंडाचं ऐकू नका, अंगाची तपासणी करा" हा त्यावरचा सरळ उपाय. पण तोही दिसतो तितका सरळ नाही, हे मुंबईतल्याच एका खटल्याने दाखवून दिलं. १९५१ सालची गोष्ट. बेहराम खुर्शेद पेसिकाका या सरकारी अधिकाऱ्याच्या जीपने कुलाब्यात माणसांना धडक दिली. डॉक्टरांनी तपासलं तर तोंडाला दारूचा वास. पेसिकाकांचं म्हणणं असं की आपण बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. या टॉनिकात अल्कोहोल असायचं आणि औषध म्हणून ते घ्यायला बंदी नव्हती. खालच्या कोर्टाने दारूच्या आरोपातून सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं, आणि १९५४ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. कोर्टाचा रोख असा : पोटात गेलेलं अल्कोहोल बंदी असलेल्या दारूचंच होतं, औषधाचं नव्हतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. नुसत्या वासाने ते होत नाही. पुढे १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात शेकडा ०.०५ किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं तर ते बंदी असलेल्या दारूचं नाही, हे आरोपीनेच दाखवायचं.

म्हणजे बघा, "माणूस सांगतो ते खरं की शरीर सांगतं ते खरं" हा वाद आपल्याकडे दवाखान्याच्या आधी कोर्टात झाला. आणि त्यातून निघालेली गोष्ट मोलाची आहे. शरीराची तपासणीसुद्धा एक प्रकारचं उत्तरच असतं. त्याचा अर्थ कोणीतरी लावावा लागतो.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण प्रश्नावल्यांचा इतिहास बराचसा तिथला आहे.

"व्यसनाच्या पायऱ्या" असा एक तक्ता व्यसनमुक्तीच्या पुस्तिकांमध्ये, दवाखान्याच्या भिंतीवर तुम्ही पाहिला असेल. आधी चारचौघांत पिणं, मग चोरून पिणं, मग सकाळी उठल्या उठल्या पिणं, वगैरे. त्याचं मूळ ई. एम. जेलिनेक या संशोधकाच्या १९४६ सालच्या लेखात आहे. तो लेख उभा होता अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मासिकात छापलेल्या एका प्रश्नावलीवर. ती जेलिनेकने बनवलेली नव्हती. उत्तरं आली १५८, त्यातली वापरण्यासारखी निघाली ९८. बायकांची उत्तरं थोडी होती आणि पुरुषांपेक्षा वेगळी वाटली, म्हणून ती बाजूला काढली. सँपल किती तोकडं आहे आणि प्रश्न किती विस्कळीत आहेत, हे खुद्द जेलिनेकने लिहून ठेवलं होतं. पुढे त्याने जास्त लोकांवर काम केलं हे खरं. पण तक्ता जगभर गेला तेव्हा त्याच्या शंका मागेच राहिल्या. आमच्याकडे प्रोटोटाइप थेट प्रॉडक्शनला जातो ना, तसंच.

त्यानंतर प्रश्नावल्यांचं पीकच आलं. १९७१ मध्ये मिशिगनच्या सेल्झरची २५ प्रश्नांची चाचणी. मग जॉन यूइंगची चार प्रश्नांची "केज". ही त्याने १९६८ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनात तयार केली आणि १९८४ मध्ये ती नीट छापून आली. कमी करावंसं वाटलं का? लोकांनी टोकल्यावर राग आला का? अपराधी वाटलं का? सकाळी उठल्यावर लागली का? झाले चार प्रश्न. यात "किती पिता?" हा प्रश्नच नाही, आणि खरी हुशारी तिथेच आहे. आकडा विचारला की माणूस सावध होतो. राग आणि पश्चात्ताप विचारला की तो बोलता होतो.

पण प्रश्नावल्यांवर खरी ठिणगी पडली ती १९७६ साली. रँड संस्थेने उपचार केंद्रांमधून बाहेर पडलेल्या लोकांचा पाठपुरावा केला. त्यांना असं दिसलं की काही लोक पूर्ण बंद न करता बेताने पीत आहेत आणि तरी बरे आहेत. एकच गदारोळ झाला. "एक थेंबही नको" हे सूत्र ज्यांच्या जगण्याचा आधार होतं त्यांच्यासाठी हा घात होता. टीकाकारांचा पहिला हल्ला अपेक्षित ठिकाणीच आला : बेवड्यांनी सांगितलं आणि तुम्ही मानलं?

रँडच्या लोकांनी हा प्रश्न टोलवला नाही, हे त्यांचं मोठेपण. चार वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांनी श्वासाची तपासणी घेतली आणि जवळच्या माणसांनाही विचारलं. त्यांच्यातल्या मायकेल पोलिचने १९८२ मध्ये याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. निष्कर्ष साधारण असा : पितच नाही असं साफ खोटं सांगणारे थोडे. पण नुकतीच प्यायलेल्यांमध्ये "किती" याचा आकडा कमी सांगणारे बरेच. म्हणजे खोटेपणा "हो" आणि "नाही"च्या मध्ये नसतो, तो "दोन" आणि "सहा"च्या मध्ये असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पव्व्याचा हिशेब करताना लागेल.

त्याच वर्षी दुसरं प्रकरण पेटलं. मार्क आणि लिंडा सोबेल या जोडप्याने सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या पॅटन सरकारी रुग्णालयात ७० पुरुषांवर प्रयोग केला होता. काहींना बेताने पिण्याचं शिक्षण द्यायचं आणि बघायचं. त्यांचे निकाल चांगले आले. पण १९८२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दुसऱ्या गटाचा लेख आला. त्यांनी त्याच रुग्णांना पुन्हा गाठलं होतं, आणि त्यांना दिसलेलं चित्र फार वाईट होतं. सोबेल दांपत्यावर लबाडीचे आरोप झाले. टोरंटोतल्या ज्या संस्थेत ते तेव्हा काम करत होते तिने चौकशी समिती नेमली. बर्नार्ड डिकन्स अध्यक्ष. समितीला लबाडी सापडली नाही. उपचाराबद्दलचा वाद मात्र मिटला नाही, तो वेगवेगळ्या रूपांत चालूच राहिला.

या भांडणाच्या आसपासच सोबेल दांपत्याने विकसित केलेली एक पद्धत मात्र आज जगभर वापरात आहे. साधी आहे, म्हणून मला फार आवडते. समोर कॅलेंडर ठेवायचं. "महिन्याला किती पिता?" असं विचारायचंच नाही. लग्नं, सण, पगाराचा दिवस, आजारपण असे ठळक दिवस आधी भरून घ्यायचे आणि मग एकेक दिवस मागे जात विचारायचं, "त्या दिवशी?" सरासरी सांगताना माणूस स्वतःचं आवडतं चित्र सांगतो. दिवस सांगताना त्याला आठवावं लागतं.

आमच्या भागात ही पद्धत काय छान बसेल बघा! मोहाचा हंगाम, धानाची रोवणी, पोळा, पोळ्याची कर, मग दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया आणि रात्रभरची झाडीपट्टीची नाटकं, आठवड्याचा बाजार, मजुरी हातात पडायचा दिवस. "तुम्ही साधारण किती घेता?" असं विचारलं तर उत्तर येईल, "काही खास नाही." "करीच्या दिवशी काय झालं होतं?" असं विचारा, आणि बघा कशी गोष्ट सुरू होते ते.

अमेरिकेतला आणखी एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७३ पासून अॅरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम राथ्जे टुसॉन शहरातल्या कचऱ्याचं उत्खनन करू लागले. हो, कचऱ्याचं! मोहेंजोदडोचा कचरा उपसतात तर आपला का नको, हा युक्तिवाद. एका बाजूला लोकांनी मुलाखतीत सांगितलेलं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या वस्तीच्या पिंपात निघालेल्या बाटल्या आणि डबे. दारूच्या बाबतीत लोक ४० ते ६० टक्के कमी सांगत होते. आणि गंमत म्हणजे कॅनडात काइ पेर्नानेन यांनी १९७४ मध्ये सर्वेक्षणांतली दारू आणि विकली गेलेली दारू यांची तुलना मांडली, तेव्हाही चित्र जवळपास तेच निघालं. सर्वेक्षणात विक्रीच्या निम्म्याच्या आसपासच दारू सापडते. उरलेली कोण पितं, देव जाणे.

आता हा प्रयोग लाखनी-साकोलीकडे करून बघा. पिंप कुठे? आणि मोहाच्या दारूला लेबलची बाटली कुठे? ती पाण्याच्या जुन्या बाटलीत येते, तिथेच ग्लासात संपते, आणि बाटली पुन्हा भरायला जाते. कचरा काहीच नाही, विक्रीची नोंदही नाही. ज्या दोन कसोट्यांवर पश्चिमेने प्रश्नावली घासून बघितली, त्या दोन्ही आमच्याकडे हाताला लागत नाहीत.

मग रक्त तपासा ना, असं तुम्ही म्हणाल. त्याचीही कथा आहे. यकृताच्या एन्झाइमची (जीजीटी) पातळी दारूने वाढते, पण ती इतर आजारांनीही वाढते. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या लाल पेशी आकाराने मोठ्या होतात, ही दुसरी खूण. पण पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग आहे, जीवनसत्त्वांची कमतरता आहे, आणि हे सगळे लाल पेशींच्या आकारात लुडबुड करतात. अलीकडे 'पेथ' नावाची तपासणी आलीय. ती काही आठवड्यांपूर्वीपर्यंतचं पिणं दाखवते आणि बरीच नेमकी आहे. पण ती महाग आहे, आणि गावातल्या आरोग्य केंद्रात रोजच्या वापरात येणं अजून लांबची गोष्ट.

आणि हे सगळं करून वाढीव मिळतं काय? अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट मॅच' नावाच्या प्रचंड चाचणीत १,७२६ लोक होते. त्यांच्या उत्तरांची पडताळणी जवळच्या माणसांकडून आणि रक्ताच्या तपासण्यांनी केली गेली. थॉमस बेबर आणि सहकाऱ्यांनी २००० साली निष्कर्ष मांडला तो ऐकून मी चाट पडलो. उपचारासाठी आपणहून आलेल्या लोकांच्या बाबतीत या दोन्ही कसोट्यांनी अचूकतेत फारशी भर पडत नाही. तो पैसा प्रश्न नीट विचारण्यावर खर्च करा! म्हणजे बिघाड युजरमध्ये कमी, फॉर्ममध्ये जास्त. अट एकच, "आपणहून आलेल्या". ज्याला उत्तराचा धोका नाही तो खरं बोलतो. ज्याला पोलीस, बायको, कंत्राटदार किंवा सरपंच यांच्यापैकी कोणाची तरी धास्ती आहे, त्याच्याबद्दल ही चाचणी काही सांगत नाही.

आता फॉर्मकडे येऊ. आज जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट'. दहा प्रश्न, शून्य ते चाळीस गुण, आठ किंवा जास्त म्हणजे धोका. १९९३ मध्ये ती छापून आली तेव्हा तिच्यामागे सहा देशांतला अभ्यास होता : ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका. भारत त्यात नाही. तिचा दुसरा प्रश्न असा : पिता त्या दिवशी साधारण किती 'ड्रिंक' घेता? एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल.

आता एक कल्पित माणूस घ्या. रोज संध्याकाळी व्हिस्कीचा एक पव्वा. त्याला विचारलं "किती?", तो म्हणाला "एकच." आणि तो शंभर टक्के खरं बोलतोय! पण पव्वा म्हणजे १८० मिली. त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिली, वजनात साधारण ६० ग्रॅम. म्हणजे सहा ड्रिंक. आता पहिल्या तीन प्रश्नांचे गुण मांडू. रोज पितो, त्याचे ४. "एकच" हे एक ड्रिंक धरलं तर दुसऱ्या प्रश्नाचे ०. "एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा?" याला "कधीच नाही", म्हणून ०. एकूण ४. तेच पव्व्याचे सहा ड्रिंक धरा : ४ अधिक २ अधिक ४, एकूण १०. आठची रेघ पहिल्या तीन प्रश्नांतच ओलांडली. माणूस तोच, सवय तीच, उत्तरही खरं. फक्त युनिट चुकलं. (मंगळावर जाणारं नासाचं यान १९९९ मध्ये असंच युनिटच्या घोळात गेलं होतं, आठवतंय?)

ही नुसती माझी आकडेमोड नाही. गोव्यात याच प्रश्नावर खरोखर काम झालंय. उत्तर गोव्यातल्या शहरी आणि ग्रामीण भागातल्या ७४३ पिणाऱ्या पुरुषांवरचा मधबिका नायक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. लोक पितात ते ग्लास आणि बाटल्या केवढ्या, त्यातल्या दारूची ताकद किती, याचा हिशेब त्यांनी घेतला. सगळी 'ड्रिंक' सारखी नसतात, हा लेखाचा सार त्याच्या शीर्षकातच आहे. पुढच्याच वर्षी याच गटाने ऑडिट आणि आणखी एक छोटी प्रश्नावली गोव्यातल्या पुरुषांवर किती लागू पडते तेही तपासलं.

त्याच गोव्यात 'संगाथ' या संस्थेने आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांवर समुपदेशनाची चाचणी घेतली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे लोक होते. निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी ऑडिटचे गुण आठच्या खाली आलेले समुपदेशन मिळालेल्यांमध्ये ३६ टक्के, न मिळालेल्यांमध्ये २६ टक्के. गेल्या चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले ४२ विरुद्ध १८ टक्के. हे चौदा दिवस मोजले कसे? तीच सोबेल दांपत्याची कॅलेंडरची पद्धत! कोण कुठल्या गटातला हे विचारणाऱ्याला माहीत नसेल, अशी काळजीही घेतली होती. तरी एक शंका उरतेच. ज्याच्याशी आपुलकीने बोलत बसलं गेलं, त्याला "सोडली" असं सांगावंसं जास्त वाटणार की नाही? पण त्याच चाचणीत आणखी एक निकाल आहे : जे अजून पीत होते त्यांच्या रोजच्या दारूत समुपदेशनाने फरक दिसला नाही. सगळेच खूश करायला बोलत असते, तर हा आकडाही गोड आला असता. माझ्या मते हा निकाल त्या उत्तरांवरचा विश्वास वाढवतो.

आता परत घरी. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या दुसऱ्या फेरीत (१९९८-९९) घरातल्या एकाच माणसाला सगळ्यांबद्दल विचारलं जायचं : यांच्यात दारू कोण पितं? तिसऱ्या फेरीत (२००५-०६) पुरुषांना स्वतःबद्दल विचारलं, आणि १५ ते ४९ वयातले ३२ टक्के पुरुष "पितो" म्हणाले. पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या पुरुषांत देशात १८.८ टक्के, महाराष्ट्रात १३.९ टक्के. महाराष्ट्रातल्या बायका ०.४ टक्के. पण त्याच सुमाराला, २०१९ मध्ये, एम्सच्या नेतृत्वाखाली झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल आला, त्यात १० ते ७५ वयाच्या पुरुषांत २७.३ टक्के. दहा वर्षांची पोरं धरूनही आकडा मोठा! वयोगट वेगळे, प्रश्न वेगळे, विचारणारे वेगळे हे मान्य. पण १८.८ आणि २७.३ यांच्यातल्या फरकात कोट्यवधी माणसं मावतात. व्यसनमुक्तीच्या किती खाटा लागतील याचा हिशेब यातल्या कुठल्या आकड्यावर करायचा?

भाषेचाही घोळ आहेच. आपल्याकडे "पिणे" आणि "घेणे" यांत जमीन-अस्मानाचा फरक. "तो पितो" म्हणजे तो वाया गेलेला. "तो घेतो" म्हणजे चालायचंच. बिअर म्हणजे दारू नव्हे असं मानणारे तर शहरात भरपूर भेटतात. देवाला दाखवलेली मोहाची, बाळंतिणीच्या नावाने आणलेली ब्रँडी, यांना कोणी "दारू पिणं" म्हणत नाही. "तुम्ही दारू पिता का?" याला "नाही" म्हणणारा अनेकदा खोटं बोलत नसतो. त्याने फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं.

आणि शेवटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. याच पाहणीत नवऱ्याच्या हिंसेबद्दलचा एक भाग असतो. घरातल्या एकाच बाईला तो विचारतात, आणि तोही पूर्ण एकांत मिळाला तरच. एकांत नसेल तर तो भाग सोडून द्यायचा, असा नियम आहे. तिथे तिला विचारतात : नवरा पितो का? झिंगतो का, किती वेळा? पाचव्या फेरीत जिचा नवरा वारंवार झिंगतो अशा सुमारे ७० टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा भोगल्याचं सांगितलं. न पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के. पश्चिमेतल्या संशोधकांनी ज्याला "जवळच्या माणसाची साक्ष" म्हटलं ती हीच. फक्त आपल्याकडे साक्षीदाराला आधी दार लावून घ्यावं लागतं.

गावात दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. त्याचंही मर्म मला इथेच दिसतं. ग्रामसभेत हात वर करायला सांगितलं तर नवरा, दीर, दुकानदार सगळे बघत असतात. चिठ्ठीवर शिक्का मारताना कोणी बघत नसतं. संशोधकांनी पन्नास वर्षं घासून काढलेला नियम गावाने आपल्या पद्धतीने अमलात आणलाय : खरं हवं असेल तर उत्तर देणाऱ्याला सुरक्षित करा.

हे सगळं नुसतं पंडिती कुतूहल नाही. आमच्या शेजारचा गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. तिथे अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने सुरुवातीपासून गावालाच संशोधनात सामील करून घेतलं, त्यावर त्यांचा १९९१ सालचा लेख आहे. वर्धा १९७५ पासून कोरडा. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. ती लावतानाही आकड्यांवर भांडण, उठवतानाही आकड्यांवर भांडण. आणि बंदी असलेल्या जिल्ह्यात विक्रीचा सरकारी आकडा असतो शून्य! लाखांदूरकडच्या दुकानातून वैनगंगेपलीकडे बाटली गेली, तर ती भंडाऱ्याच्या खात्यावर पडते. म्हणजे बंदीने फरक पडला की नाही हे सांगणारं एकच साधन उरतं, दारात उभं राहून विचारलेला प्रश्न. बंदी असावी की नसावी यावर मी इथे मत देत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण दोन्ही बाजूंनी ज्या आकड्यांच्या काठ्या फिरवल्या जातात, त्यांच्या मुळाशी हा एवढासा प्रश्न आहे.

म्हणून उद्या भंडाऱ्यात असं सर्वेक्षण करायचं झालं, तर माझी यादी छोटी आहे. "ड्रिंक" विचारू नका, पव्वा आणि ग्लास समोर ठेवून विचारा. मोहाची, देशी, बिअर, प्रत्येकीचं नाव घेऊन वेगळं विचारा. सरासरी विचारू नका, पोळा आणि बाजाराचा दिवस विचारा. विचारणारा गावातला ओळखीचा नसावा, आणि सरकारी गाडीतून तर मुळीच उतरू नये. बाईला विचारताना एकांत मिळेपर्यंत थांबा, मिळाला नाही तर तसं लिहा. आणि अहवालात टक्केवारीच्या शेजारी हेही छापा की कोणी, कुठे, कोणासमोर, कुठल्या शब्दांत विचारलं. आम्ही प्रत्येक लॉगला टाइमस्टॅम्प आणि सोर्स लावतो. हा तर माणसांच्या संसाराचा लॉग आहे, त्याला निदान तेवढं तरी लावावं.

असो. बराच वेळ घेतला तुमचा. सोमवारी रिलीज आहे, आता झोपायला हवं.